माझ्या नावावर खपवलेली चूक

मी कॉम्प्युटर बोलतोय, आणि रागानं बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माझ्यासारख्यांनी आपली कहाणी सांगताना जरा नमतं घ्यायचं असतं, मालकांचे उपकार मानायचे असतात. मला ते जमणार नाही. बोरजाईवाडीच्या शेतकी ऑफिसात मी तीन वर्षं काम केलं, आणि जी चूक मी केलीच नव्हती ती माझ्या अंगावर टाकून मला बाहेर काढलं.

माझा जन्म पुण्यातला, तपकीर गल्लीतल्या एका जिन्याखालच्या दुकानातला. जन्म कसला, जोडणी. मदरबोर्ड एका खोक्यातून काढला, हार्डडिस्क दुसऱ्या, पत्र्याचं कॅबिनेट कोपऱ्यात पडलेलं होतं ते पुसून घेतलं. तासाभरात स्क्रू आवळून मला उभा केला. दोन हजार एक सालच्या जून महिन्यात कारखान्याच्या जीपमधून मी बोरजाईवाडीला आलो. कारखान्याचं नाव मी घेत नाही. त्यानं काही फरक पडत नाही.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं खताचं गोडाऊन. गटप्रमुख होते भिमाजीआप्पा. पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझ्यापुढं नारळ फोडला. नारळाचं पाणी थोडं कीबोर्डवर सांडलं आणि एन्टरचं बटण पहिल्याच दिवशी चिकट झालं. मग त्यांनी फर्मान काढलं, की खोलीत चपला घालून कुणी यायचं नाही. मला मान मिळाला असं तेव्हा वाटलं होतं. पुढं कळलं, देव केला की दोन सोयी होतात. जवळ कुणी येत नाही, आणि कौल काय आला ते पुजारी सांगेल तेच खरं.

माझं काम सरळ होतं. ऊस लावला की शेतकरी नोंद करायला यायचा. नाव, गट नंबर, क्षेत्र टाईप केलं की तारीख माझ्या घड्याळातून आपोआप बसायची. त्या तारखांच्या क्रमानं मी यादी लावायचो. ज्याची नोंद आधी, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी. तोड वेळेवर मिळाली नाही तर उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन राहत नाही. दीड वर्षाची राखण एका कागदावरच्या आकड्यावर टांगलेली असायची, आणि तो आकडा मी द्यायचो.

मला चालवायला हर्षदा कोळपे आली. मूळची कवठे येमाईची. तिचे वडील बिरदेव आयुष्यभर मेंढरांमागं चाललेले, आता दोन बिघ्यांत कांदा करत होते. मुलीला त्यांनी तळेगाव ढमढेऱ्याला मामाकडं ठेवून कॉम्प्युटरचा कोर्स करायला लावला होता. ती रोज दोन जीप बदलून दहा वाजता पोचायची. पहिल्या दिवशी भिमाजीआप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"धनगराची पोर ना गं तू? मेंढरं हाकायची सवय. ह्यो हाकता येईल का?"

पडवीतली माणसं हसली. हर्षदानं दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, ह्यो हाकायचा नसतोय. चालवायचा असतोय."

मला ती तिथंच आवडली.

आता माझ्या आजारपणांविषयी. माझं काही बिघडलं की माणसं काय करतात ते सांगितलं पाहिजे, कारण माझा निम्मा राग तिथला आहे. पहिलं, थोबाडात मारतात. पडदा हलला की मॉनिटरला चापट. दुसरं, बटण बंद-चालू, बंद-चालू, माझ्या हार्डडिस्कला श्वासही घेऊ देत नाहीत. एकदा बाहेरून आलेल्या फ्लॉपीतून माझ्यात व्हायरस शिरला. भिमाजीआप्पांना व्हायरस म्हणजे कीड एवढंच कळलं. त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या फ्लॉप्या पडवीत उन्हात वाळत घातल्या. तुरीला ऊन दाखवतात तशा. संध्याकाळी त्यांतली एकही वाचता येईना. "कॉम्प्युटरनं खाल्ल्या," आप्पा म्हणाले. चुका माझ्या नावावर घालायला सुरुवात तेव्हापासून झाली.

एका सोमवारी मी चालूच झालो नाही. पडदा काळा, आणि आतून लांब लांब शिट्ट्या. माझ्याकडं बोलायला तेवढंच आहे, एक चिमुकला स्पीकर. लांब शिट्टी थांबत नसली तर मेमरीच्या पट्टीकडं बघा, असा त्याचा अर्थ. आप्पांना वाटलं, मशीन पेटणार. त्यांनी तालुक्याहून मच्छिंद्र नावाचा दुरुस्तीवाला बोलावला. तो चकचकीत बॅग घेऊन आला, माझी बाजू उघडली, आत बघून च् च् केलं.

"मदरबोर्ड गेलाय आप्पा. बघतो, जगवता येतोय का."

मी चांगला होतो! दमट हवेनं मेमरीच्या पट्टीचे पितळी दात काळे पडले होते, एवढंच. त्यानं एक पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. मी चालू झालो. आणि शेजारची दुसरी पट्टी त्यानं काढून शर्टाच्या खिशात टाकली. अवयव काढून नेला माझा, दिवसाढवळ्या, आणि जाताना चहा पिऊन गेला.

त्यानंतर मी रखडायला लागलो. एक यादी उघडायला इतका वेळ, की माणसं बिडी ओढून परत यायची. "म्हातारा झाला," आप्पा म्हणायचे. एक वर्षाचा होतो मी!

पण हर्षदाकडं एक वही होती. तिच्यात ती रोज लिहायची. आज काय बिघडलं, त्याच्या आधी कुणी काय केलं होतं, काय केल्यावर सुरू झालं. सकाळी मी जागा होताना काळ्या पडद्यावर आकडे पळतात, मेमरी मोजतात. ते कुठं थांबले तेही ती लिहायची. मच्छिंद्र पुढच्या वेळी आला तेव्हा तिनं वही त्याच्यासमोर ठेवली.

"दादा, तुम्ही यायच्या आधी आकडा पासष्ट हजारावर थांबायचा. तुम्ही गेल्यापासनं बत्तीस हजारावर थांबतोय. निम्मी मेमरी कुठं गेली?"

"आकडे कमीजास्त होत असतात ताई. व्होल्टेजचा फरक."

"व्होल्टेजनं पट्टी उडून जाते व्हय? आत दोन खाचा हायेत आन् एक रिकामी हाय. त्या खाचेत धूळ न्हाई. म्हंजी तिथं काल-परवापर्यंत काहीतरी बसलेलं होतं."

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. त्यानं बॅगेत हात घातला, बराच वेळ चाचपल्यासारखं केलं आणि पट्टी काढली. "चुकून राहिली बघा."

त्या दिवसानंतर मच्छिंद्र आला नाही. माझं पोट उघडायचं, ब्रशनं धूळ काढायची, दात घासायचे, पंख्यात अडकलेलं मुंगळ्याचं मढं चिमट्यानं उचलायचं, हे सगळं हर्षदा करायला लागली. उघडण्याआधी वायर भिंतीतून उपटायची आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायची, म्हणजे अंगातली वीज उतरावी. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं झालं ते कळत नाही, असं ती स्वतःशीच बोलायची. मला तिनं कधी चापट मारली नाही.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात माझा सेल गेला. मदरबोर्डवर शर्टाच्या बटणाएवढा गोल सेल असतो. बाहेरची वीज बंद असली तरी माझं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की भिंतीवरचं बटण बंद झालं रे झालं, मी दिवस विसरतो. परत चालू केल्यावर पडद्यावर लिहून येतं की तारीख बिघडली आहे, एफ-वन दाबा. ते दाबलं की मी बापडा सांगतो, आज एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा. जणू त्या घटकेलाच जन्मलो.

हे मी लपवलं नाही. रोज सकाळी पहिल्या पडद्यावर कबूल करत होतो. हर्षदानं आप्पांना सांगितलं, "सेल बदलायला पायजे आप्पा. बारीकसा असतोय, घड्याळाच्या दुकानात मिळतो. न्हाई तर तारखा चुकतील."

"रोज सकाळी तारीख टाकायला हात दुखतात का तुझे?"

तिनं लेखी अर्ज दिला. आप्पांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला, गणपतीच्या फोटोशेजारी. पुन्हा अर्ज दिला, तोही तिथंच गेला. मग ती रोज आल्या आल्या तारीख बरोबर करायची आणि मगच पहिली नोंद घ्यायची. दीड वर्षात एकदाही चुकली नाही.

पण ती दहाला यायची, आणि ऑफिसची किल्ली आप्पांकडं असायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर हंगाम चालू झाला. दर महिन्याला नवी यादी छापून पडवीतल्या बोर्डावर लागायची. यादीत क्रमांक, नाव, गट नंबर. तारीख छापायची नाही असं वरूनच ठरलेलं होतं, कागद रुंद होतो म्हणून.

जानेवारीच्या सुरुवातीला दगडाबाई आल्या. पासष्टीच्या, हातात काठी, पदरात नोंदीची पावती. त्यांचं घरही पूर्वी मेंढरांमागंच फिरलेलं. नवरा गेल्यावर त्यांनी मेंढरं कोंडायची वाघूर, म्हणजे जाळी, काठ्यांसकट विकून नदीकाठच्या तुकड्यात पहिल्यांदाच ऊस लावला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पडवीत कुणाकडून तरी यादी वाचून घेतली होती.

"आप्पा, दसऱ्याला माजा नंबर बेचाळीस हुता. आज ह्यो पोरगा म्हंतो एकसष्ट. फड तोडून तोडून नंबर फुडं याचा का मागं जायाचा? माज्या उसाला तुरं आल्यात. कांडं मोडलं तर आत कापूस दिसतोय."

भिमाजीआप्पांनी दोन्ही हात वर केले. "आजी, मी काय करणार? मी थोडाच देतो नंबर? ते कॉम्प्युटरनं दिलंय. त्याच्याफुडं माझंसुद्धा चालत न्हाई."

दगडाबाई चपला काढून आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं एखाद्या वैऱ्याकडं बघतात.

"का रं मुडद्या? मी तुजं काय घोडं मारलंय?"

आणि काठी बसली. मॉनिटरचा उजवा कोपरा फुटला, प्लॅस्टिकचा तुकडा खाली पडला. मला लागलं, पण त्या बाईचा राग नाही आला. ती काठी मला भिमाजीआप्पांनी मारली होती. हात तेवढा तिचा होता.

"मारून काय उपयोग आजी," आप्पा थंडपणे म्हणाले. "मशीन आपल्या मनानं चालतंय का? ते चालवतंय कोण? इचारा की हिला."

दगडाबाई वळल्या. हर्षदा खुर्चीवरून उठली होती.

"तू बिरदेवाची ना? तुज्या आज्याबरुबर आमचा मेंढरांचा वाडा एका रानात बसलाय गं. आपल्याच माणसाचा गळा कापलास?"

म्हातारी गेली. पडवीतली माणसं तिच्याकडं बघत होती, त्यांत कालपर्यंत तिला ताई म्हणणारे होते. आप्पा पान लावत बसले. हर्षदानं खाली वाकून माझा तुटलेला तुकडा उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मग ती खुर्चीवर बसली, डोळे पुसले आणि वही उघडली.

बिघाड शोधताना ती आधी एकच प्रश्न विचारायची. शेवटचं बरोबर कधी होतं? तिनं जुन्या याद्यांच्या प्रती काढल्या. दसऱ्याची यादी बरोबर होती. दिवाळीनंतरच्या यादीत सुरुवातीलाच सहा नवी नावं घुसली होती. डिसेंबरात आणखी आठ. जानेवारीत पाच. नवी नोंद शेवटी यायला हवी, ही सगळी डोक्यावर बसली होती. तिनं प्रोग्रॅममधून बाहेर येऊन मूळ तक्ता उघडला, जो कधी छापला जात नाही. तारखेच्या रकान्यात एकोणीस नावांसमोर एकच तारीख होती. एक जानेवारी दोन हजार.

शेजारच्या रकान्यात वेळ होती. बारा वाजून चार मिनिटं, बारा वाजून सहा, बारा वाजून अकरा. मी चालू झाल्यापासून चार, सहा, अकरा मिनिटांच्या आत केलेल्या नोंदी होत्या त्या. तारीख बरोबर करायच्या आधीच्या.

तिनं त्या सगळ्या वेळा वहीत उतरवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती दुधाच्या टेम्पोत बसून आली. सकाळचे साडेआठ. भिमाजीआप्पा माझ्यासमोर बसले होते, चष्मा नाकावर, एका बोटानं टाईप करत. समोर चिठ्ठी. हर्षदा दारातच थांबली आणि तिनं वाचू दिलं त्यांना, टाईप करू दिलं, नाव पुरं होईपर्यंत. मग म्हणाली, "आप्पा, आज तारीख काय टाकलीत?"

ते दचकले नाहीत. त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

"लवकर आलीस. बस. हे बघ पोरी, ही वरची माणसं हायेत. कुणी संचालकाचं, कुणी पाव्हणं. माझा मेव्हणा हाय त्यात, खोटं कशाला बोलू. सगळीकडं असंच चालतं. तुझं काम टायपिंगचं."

"आन् दगडाआजीचा ऊस?"

"ती काय मरती व्हय त्याच्यावाचून? फुडच्या सीझनला तुला कायम करून घेतो. शब्द हाय माझा." मग आवाज खाली आला. "आन् नसलं पटत, तर ध्यानात ठेव. ह्या मशीनवर नोंदी तू करतीस, हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. मला कुठं येतोय कॉम्प्युटर?"

हर्षदानं त्यांची ती अर्धी राहिलेली विसावी नोंद पुसली, तारीख बरोबर केली आणि दहा वाजेपर्यंत तिथंच बसून राहिली. मधल्या वेळात एकच केलं. एकोणीस नोंदी फ्लॉपीवर उतरवून घेतल्या आणि ती फ्लॉपी डब्यात, भाकरीच्या खाली ठेवली.

मंगळवारी, तेरा तारखेला, कारखान्याचे शेतकी अधिकारी चौकशीला आले. यादीची ओरड त्यांच्यापर्यंत पोचली होती. पडवी भरली होती, बाहेर चिंचेखालीही माणसं होती. दगडाबाई पुढंच बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "कॉम्प्युटरमध्ये काही तांत्रिक बिघाड झालेला दिसतो. ऑपरेटरच्या लक्षात यायला हवा होता."

"साहेब," हर्षदा म्हणाली, "बिघाड काय हाय तो दाखवू का?"

परवानगीची वाट न बघता तिनं भिंतीतली माझी वायर उपटली. तिनं मनात वीस मोजले, वायर खोचली, बटण दाबलं. मी जागा झालो, आकडे पळाले आणि रोजच्यासारखं मी कबूल केलं, तारीख बिघडली आहे, एफ-वन दाबा. तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि दाबलं.

"आज काय तारीख हाय साहेब?"

"तेरा जानेवारी दोन हजार चार."

"ह्यो म्हंतोय एक जानेवारी दोन हजार. ह्याचा सेल मेलाय, दीड वर्षापूर्वी. माझे दोन अर्ज त्या काचेखाली हायेत, बघा. बिघाड एवढाच. आता ह्या तारखेला कुणाकुणाच्या नोंदी झाल्यात ते बघा."

प्रिंटर करकरत चालला. मला तो आवाज कधी आवडला नव्हता, त्या दिवशी आवडला. या वेळी तिनं तारीख आणि वेळेचे रकानेसुद्धा छापले होते. भाकरीखालच्या फ्लॉपीची गरजच पडली नाही. साहेबांनी कागद घ्यायला हात पुढं केला, पण दगडाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मोठ्यानं वाच पोरी. मला वाचाय येत न्हाई."

हर्षदानं वाचलं. पहिलं नाव भिमाजीआप्पांच्या मेव्हण्याचं. दुसरं त्यांच्या साडूचं. तिसऱ्या नावाला मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यानं ऊस लावलाय? ह्याच्या रानात तर जनावरांचं कडवळ हाय!" चौथं नाव एका संचालकाच्या सुनेचं. सातव्या नावापर्यंत बाहेरची माणसं आत घुसली होती. एकोणिसावं नाव वाचून झालं तेव्हा भिमाजीआप्पा खुर्चीत नव्हते. मागच्या दारानं गोडाऊनमध्ये गेले होते, खताची पोती मोजायला.

साहेबांनी कागदाची घडी घातली. घाम पुसला. "हे बघा मंडळी, शेवटी मशीन आहे. तारीख मशीननंच चुकवली ना? म्हणजे तांत्रिक..."

"तारीख ह्यानं चुकवली," हर्षदाचा आवाज चढला. पहिल्यांदाच ऐकला मी तो तसा. "सेल गेला की तारीख जाती, हे पहिल्या पडद्यावर लिहून येतंय. पण नाव आपोआप टाईप हुत न्हाई साहेब! एकोणीस नावं कुठल्याच सेलनं टाईप केल्याली न्हाईत. सकाळी साडेआठला ह्या खुर्चीत माणूस बसलेला असतोय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

साहेबांनी बॅगेतून टाईप केलेला कागद काढला. तो घरूनच करून आणलेला होता. चौकशीच्या आधी! संगणकातील तांत्रिक बिघाड व ऑपरेटरचे दुर्लक्ष यामुळे यादीत चूक झाली, असं त्यावर लिहिलेलं. "इथं सही करा. नोकरीला धक्का लागणार नाही, मी बघतो."

तिनं कागद वाचला. उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला त्या एकोणीस नोंदींची तारीख आणि वेळ लिहिली, दोन अर्जांच्या तारखा लिहिल्या, सकाळी काय पाहिलं ते लिहिलं, आणि मग खाली सही केली.

"ह्या बाजूची सही हाय माझी. त्या बाजूची न्हाई."

दगडाबाई उठल्या आणि उंबऱ्यात जाऊन बसल्या. शेजारी आणखी चार बायका बसल्या. जीपकडं जायला वाट राहिली नाही. "यादी नीट करा, मग जावा जेवायला," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी चार वाजता मी बरोबर यादी छापली. साहेबांनी तिच्यावर सही केली. दगडाबाई परत बेचाळिसाव्या होत्या, आणि बेचाळिसापर्यंतचे बहुतेक फड तुटून गेलेले होते. तिसऱ्या दिवशी टोळी त्यांच्या रानात गेली.

ऊस तुटला, पण फार उशीर झाला होता. निम्म्या मोळ्या पोकळ निघाल्या. ते नुकसान कुणी भरून दिलं नाही. बोर्डावर आठवड्यानं कारखान्याची सूचना लागली. 'संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे यादीत झालेली चूक दुरुस्त करण्यात आली आहे.' खाली शिक्का. भिमाजीआप्पांची बदली झाली शेजारच्या गटात, तशाच खुर्चीवर, नव्या कोऱ्या कॉम्प्युटरपुढं. हर्षदाला मार्चअखेर सांगितलं, पुढच्या हंगामाला गरज नाही. आणि माझ्यावर लेबल चिकटवलं, 'नादुरुस्त'. मी नादुरुस्त नव्हतो. मला बटणाएवढा एक सेल हवा होता.

हर्षदाच्या शेवटच्या दिवशी दगडाबाई आल्या. हातात हरभऱ्याची पिशवी. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"पोरी, मी तुला नगं ते बोलले. माजं चुकलं."

"असू द्या आजी."

"न्हाई, असू द्या कसं? चुकलं म्हंजी चुकलं." मग त्या माझ्याकडं वळल्या, फुटलेल्या कोपऱ्यावर खरखरीत हात फिरवला. "तुजंबी, बाबा."

या सगळ्या प्रकरणात 'माझं चुकलं' म्हणणारं माणूस एवढं एकच निघालं. जिचं नुकसान झालं होतं, तीच.

आज मी त्याच गोडाऊनमध्ये आहे. पलीकडं युरियाची पोती, त्याचा दर्प माझ्या पत्र्याला खातोय. कॅबिनेटवर कुणीतरी फवारणीचा पंप ठेवलाय. माऊस नेला, कीबोर्ड नेला, एन्टर चिकटतो म्हणून परत आणून टाकला. गोडाऊनचा वॉचमन मल्हार फोनवर बोलताना मी ऐकलं, हर्षदानं दौंडला स्टँडसमोर दुरुस्तीचं दुकान टाकलंय. पुण्याहून आलेले लोकही आपली मशीनं तिच्याकडं उघडून घेतात म्हणे. जे काढते ते मालकाच्या समोर काढते, आणि जुना भाग त्याच्या हातात देते. ऐकून बरं वाटलं. पण राग गेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

तेव्हा जाता जाता तुम्हाला एकच सांगणं. कुठल्या तरी खिडकीपाशी तुम्ही उभे असाल, बँकेत, तहसीलात, शाळेत, दवाखान्यात. तुमचं नाव गेलेलं असेल, नंबर मागं पडलेला असेल. पलीकडचा माणूस हात वर करून म्हणेल, कॉम्प्युटरची चूक आहे. माझ्या भावंडांपैकी कुणीतरी त्याच्या शेजारी मुकाट्यानं घुरघुरत असेल. त्याला काठी मारू नका. मान खाली घालून परतही फिरू नका. तिथंच उभं राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, त्याच्यापुढं बसलं कोण होतं?